शोधण्याचा वेळ : फिरत्या चकतीपासून स्थिर चिपपर्यंत

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात लोखंडाच्या खाणींमुळे वसलेले आयर्नवूड नावाचे एक गाव आहे. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत तिथल्या शाळेत रेनॉल्ड जॉन्सन नावाचे एक तरुण शिक्षक विज्ञान शिकवत असत. पेपर तपासण्याचा कंटाळा कोणत्या शिक्षकाला येत नाही? जॉन्सन यांनाही येई. पेन्सिलीतले ग्रॅफाइट विजेचे वाहक असते, हे ते वर्गात शिकवत असणारच. त्यांनी त्याचाच उपयोग केला. मुलाने बहुपर्यायी प्रश्नाच्या उत्तरावर पेन्सिलीने खूण केली की त्या खुणेतून वीज वाहते; ती मोजली की बरोबर उत्तरे किती ते कळते. असे एक यंत्र त्यांनी स्वतः जुळवले. १९३४ साली आयबीएम कंपनीने ते यंत्रही घेतले आणि यंत्र करणाऱ्यालाही नोकरीवर घेतले.

हे सांगायचे कारण असे, की आज आपल्या शाळेतल्या, घरातल्या जुन्या संगणकांत जी हार्ड डिस्क फिरते आहे, तिचे जनकत्व याच शिक्षकाकडे जाते. ती आता हळूहळू बाजूला पडते आहे आणि तिच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बसते आहे. संगणक घेताना किंवा जुना दुरुस्त करताना ‘हार्ड डिस्क टाकू की एसएसडी?’ हा प्रश्न दुकानदार विचारतोच. त्याचे उत्तर द्यायला दुकानातला माहितीचा कागद पुरत नाही. हा सत्तर वर्षांचा इतिहास थोडा मागून पाहिला तर ते जास्त नीट समजते.

१९५२ साली आयबीएमने जॉन्सन यांना कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे या गावी एक नवी प्रयोगशाळा काढायला पाठवले. तेव्हा सॅन होजेभोवती फळबागा होत्या. काय शोधायचे याचे बरेच स्वातंत्र्य जॉन्सन यांना होते. त्यांनी निवडलेला प्रश्न कारकुनी वाटेल असा होता. त्या काळी मोठ्या कंपन्यांचे हिशेब भोके पाडलेल्या कार्डांवर असत. एका गिऱ्हाइकाचे कार्ड हवे असेल तर कारकून हजारो कार्डांच्या पेटीत हात घालून ते शोधून काढी, त्यातला आकडा बदली आणि कार्ड परत जागेवर ठेवी. चुंबकीय फीत तेव्हा आलेली होती, पण तिचा दोष आपल्या जुन्या कॅसेटसारखाच. पाचवे गाणे ऐकायचे तर आधीची चार गाणी पुढे पळवावीच लागतात. माहिती मावत होती, पण हवी ती हवी तेव्हा सापडत नव्हती.

जॉन्सन यांच्या गटाने कॅसेट सोडून ग्रामोफोनच्या तबकडीची वाट धरली. तबकडीवर सुई थेट हव्या त्या गाण्यावर ठेवता येते. १९५६ च्या सप्टेंबरात आयबीएमने ‘रामॅक’ या नावाचे यंत्र जाहीर केले. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक उभ्या दांड्यावर बसवलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. चकत्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग होता. हा रंग सारखा बसावा म्हणून फिरत्या चकतीच्या मध्यावर तो ओतत. बाकीचे काम केंद्रापासून बाहेर जाण्याची ओढ करी. साठवणीचे यंत्र सुमारे एक टन वजनाचे होते, मोठ्या कपाटाएवढे. त्यात मावत होती ५० लाख अक्षरे. संपूर्ण संगणक महिना ३,२०० डॉलर भाड्याने मिळे.

आजच्या हिशेबात ही साठवण पावणेचार मेगाबाइट होते. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. पण रामॅकचे महत्त्व किती मावले यात नव्हते. ५० लाख अक्षरांतले कोणतेही अक्षर सरासरी ०.६ सेकंदात हाती येत होते, हे खरे नवल होते. १९५८ साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात हे यंत्र ‘प्रोफेसर रामॅक’ म्हणून उभे केले होते. तुम्ही एखादे साल सांगायचे आणि त्या साली जगात काय घडले ते प्रोफेसरसाहेब दहा भाषांपैकी कोणत्याही भाषेत छापून देत. लोक रांगा लावून पाहत ते त्या शोधण्याच्या वेगाकडे.

०.६ सेकंद हा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

चकती किती सुधारली

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हार्ड डिस्कने जी प्रगती केली तिला तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार थोड्या जोड्या आहेत. रामॅकच्या एका चौरस इंचावर सुमारे २,००० बिट लिहिलेले असत. आज एका चौरस इंचावर एक लाख कोटींहून, म्हणजे एकावर बारा शून्यांहून, अधिक बिट बसतात. रामॅकमध्ये लिहिणारे-वाचणारे हेड चकतीपासून २० मायक्रॉन वर दाबाच्या हवेने तोलून धरलेले होते. आज ते अंतर काही नॅनोमीटर आहे. म्हणजे वाळूचा कण सोडाच, सिगारेटच्या धुराचा कणही त्या फटीपुढे डोंगर ठरतो. म्हणून तर हार्ड डिस्कची पेटी घट्ट बंद असते.

ही बंद पेटी १९७३ ची. आयबीएमच्या केनेथ हॉटन यांच्या गटाने ३० मेगाबाइटच्या दोन भागांची योजना आखली होती. ‘तीस-तीस’ म्हटल्यावर त्यांना विंचेस्टर बंदूक आठवली, आणि बंद हार्ड डिस्कला पुढे कित्येक वर्षे सगळे ‘विंचेस्टर’च म्हणत राहिले. १९८० साली शुगार्ट टेक्नॉलॉजी या कंपनीने (तीच पुढे सीगेट झाली) सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क काढली आणि हार्ड डिस्क टेबलावरच्या संगणकात शिरली. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये ती १० मेगाबाइटची होती.

घनता वाढली तसा एका बिटाचा चुंबक इतका दुबळा झाला की जुन्या पद्धतीच्या हेडला तो जाणवेना. इथे एक निखळ मूलभूत संशोधन कामी आले. १९८८ साली फ्रान्समध्ये अल्बेअर फेर आणि जर्मनीत पीटर ग्र्युनबर्ग यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की अणूंच्या मोजक्या थरांइतके पातळ चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचे पापुद्रे एकावर एक ठेवले तर बाहेरच्या चुंबकक्षेत्राने त्यांचा विद्युतरोध फार मोठ्या प्रमाणात बदलतो. नऊ वर्षांत, १९९७ साली, आयबीएमने या परिणामावर चालणारी हेड विकायला आणली. २००७ साली दोघांना भौतिकीचे नोबेल मिळाले. ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला सांगायला हे उदाहरण चांगले आहे.

२०२४ च्या जानेवारीत सीगेटने ३० टेराबाइटच्या डिस्कची घोषणा केली. लिहिण्याच्या क्षणी त्या जागेला लेसरने तापवायचे, अशी तिची रीत आहे. पावणेचार मेगाबाइटपासून ३० टेराबाइट, म्हणजे ऐंशी लाख पट!

आता तो ०.६ सेकंदाचा आकडा काढू. शोधण्याचा वेळ किती पटींनी सुधारला?

घरगुती संगणकातली चांगली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हेड योग्य वर्तुळावर पोहोचले तरी हवी ती जागा फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते; सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. हेडला त्या वर्तुळापर्यंत सरकायला सरासरी ८-९ मिलिसेकंद लागतात. बेरीज सुमारे १३ मिलिसेकंद. ६०० वरून १३, म्हणजे पन्नास पटीसुद्धा नाही.

साठवण ऐंशी लाख पट वाढली आणि शोधण्याचा वेळ पन्नास पटही सुधारला नाही. गोदाम वाढत वाढत जिल्ह्याएवढे झाले, पण आतून पोते आणून देणारा हमाल तोच, थोडा भरभर चालणारा, असे काहीसे हे झाले.

मग चकती जास्त जोराने का फिरवत नाहीत? फिरवून पाहिली. २००० साली मिनिटाला १५,००० फेरे घेणारी डिस्क बाजारात आली. पण वेग दुप्पट केला की हवेच्या घर्षणात जाणारी शक्ती दुपटीने नव्हे, जवळजवळ आठपटीने वाढते. डिस्क तापते, थरथरते, चकत्या लहान कराव्या लागतात, किंमत चढते. आणि एवढे करून अर्ध्या फेऱ्याचा वेळ ४.२ वरून उतरतो तो २ मिलिसेकंदांवर. जड वस्तू हलवायची म्हटल्यावर न्यूटनचे नियम सुटत नाहीत.

वर्षानुवर्षे याची फारशी तक्रार झाली नाही, कारण संगणकही मंद होते आणि प्रोग्रॅमही लहान होते. पण २००० नंतरचा संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फायली उघडतो, आणि त्या चकतीवर इथेतिथे विखुरलेल्या असतात. समजा, त्याला १०,००० ठिकाणी जायचे आहे. प्रत्येक ठिकाणी १३ मिलिसेकंद, म्हणजे १३० सेकंद, सव्वादोन मिनिटे! या वेळात सेकंदाला अब्जावधी कामे करणारा प्रोसेसर काही करत नाही, वाट पाहतो. शाळेच्या संगणक-कक्षात तीस मुले पडद्याकडे बघत बसलेली असतात आणि पस्तीस मिनिटांच्या तासातली पहिली पाच मिनिटे निघून जातात, त्याचे मोठे कारण हेच. ‘मशीन जुने झाले, नवीन घ्या’ असे तेव्हा सांगतात. पुष्कळदा जुना झालेला असतो तो फक्त हमाल.

कोंडलेले इलेक्ट्रॉन

ज्यात काहीच फिरत नाही अशी साठवण करण्याची कल्पनाही जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी हे दोघे काम करत होते. कांग मूळचे कोरियाचे, झी चीनमध्ये जन्मून तैवानमध्ये वाढलेले. ट्रान्झिस्टरमध्ये एक गेट असते. त्यावरच्या विद्युतदाबाने प्रवाह सुरू किंवा बंद होतो. या दोघांनी त्या गेटाच्या खाली आणखी एक गेट ठेवले, पण ते कशालाच जोडले नाही. चारी बाजूंनी विद्युतरोधक आणि मध्ये हे बेट. दुपारच्या जेवणात थरांचा केक खाताना मध्ये आणखी एक थर घालण्याचे सुचले, अशी आठवण झी यांनी पुढे सांगितली आहे. बेटावर इलेक्ट्रॉन असले तर ट्रान्झिस्टर सुरू करायला जास्त दाब लागतो, नसले तर कमी. म्हणजे ‘०’ आणि ‘१’ झाले. वीज बंद केली तरी इलेक्ट्रॉन बेटावरच राहतात, कारण बाहेर पडायला रस्ता नाही.

पण रस्ता नाही तर ते आत जातात कसे? वरिष्ठ वर्गातल्या विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. गोटीसमोर भिंत असली तर गोटी पलीकडे जात नाही. इलेक्ट्रॉन मात्र तरंगासारखाही वागतो, आणि भिंत पुरेशी पातळ असली तर पलीकडे सापडण्याची त्याची काही शक्यता असते. १९२८ साली फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी जोरदार विद्युतक्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन असे कसे निसटतात याचे गणित मांडले. या स्मृतीत भिंत म्हणजे दहा नॅनोमीटरच्या आसपास जाडीचा सिलिकॉन ऑक्साइडचा थर. त्यावर वीसेक व्होल्ट लावले की इलेक्ट्रॉन आरपार जातात. दाब काढला की कोंडले जातात. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधला प्रत्येक फोटो पुंजयामिकीच्या या वाटेने आत गेलेला आहे.

कांग आणि झी यांच्या पहिल्या नमुन्यात माहिती जेमतेम तासभर टिकली. १९७१ साली इंटेलच्या डॉव्ह फ्रोहमन यांनी कायम टिकणारी चिप केली. तीही कल्पना त्यांना बिघडलेल्या चिपांतली तुटलेली, अधांतरी राहिलेली गेटे तपासताना सुचली. तिच्यातली माहिती पुसायची तर चिपवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण पाडावे लागत. पुढे विजेने पुसता येणारी चिप आली, पण तिच्यात एकेक अक्षर वेगळे पुसण्याची सोय ठेवायची म्हणून प्रत्येक बिटाला दोन ट्रान्झिस्टर लागत. त्यामुळे ती महाग राही.

या ठिकाणी फुजिओ मासुओका येतात. तोशिबा कंपनीतल्या या अभियंत्याने एक सोय सोडून दिली. अक्षर अक्षर पुसायचे नाही, मोठा भाग एकदम पुसायचा. मग बिटामागे एकच ट्रान्झिस्टर पुरतो. एका झटक्यात पुसले जाणे पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडले ‘फ्लॅश’. १९८४ साली ही कल्पना परिषदेत मांडली गेली. १९८७ साली मासुओका यांच्या गटाने दुसरी पायरी गाठली. ट्रान्झिस्टर माळेतल्या मण्यांसारखे एकापुढे एक जोडले, म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र जोडणीची जागा लागत नाही. याला नॅंड फ्लॅश म्हणतात. आजच्या एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड सगळ्यांत तेच आहे.

तोशिबाने या शोधाची किंमत उशिरा ओळखली. मासुओका १९९४ साली कंपनी सोडून तोहोकु विद्यापीठात प्राध्यापक झाले. २००४ साली त्यांनी आपल्या वाट्याचा मोबदला मिळावा म्हणून कंपनीवर एक अब्ज येनचा दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. अब्जावधी डॉलरच्या उद्योगापुढे ही रक्कम काय आहे, हे वाचकांनीच ठरवावे. मला स्वतःला याहून मोठी वाटते ती ‘सोय सोडून देण्याची’ त्यांची बुद्धी. बहुतेक शोधकर्ते सोयी वाढवत असतात.

या सोडलेल्या सोयीचे परिणाम आजही एसएसडीला भोगावे लागतात. असा एक फळा कल्पा, ज्यावर रिकाम्या जागेत एकेक ओळ लिहिता येते, पण एक ओळ पुसता येत नाही. पुसायचा तर सगळा फळा. शिवाय दर पुसण्याला फळ्यावर एक बारीक ओरखडा पडतो आणि काही हजार पुसण्यांनंतर खडू उमटेनासा होतो. असे हजारो फळे आणि एक हुशार वर्गनायक म्हणजे एसएसडी. एखादी ओळ बदलायची झाली की वर्गनायक ती दुसऱ्या कोऱ्या फळ्यावर लिहितो, जुनी ओळ ‘रद्द’ म्हणून वहीत नोंदवतो, आणि सगळे फळे सारखे झिजतील असे बघतो. वर्गनायक म्हणजे ड्राइव्हमधली नियंत्रक चिप. २००८ च्या आसपासच्या बऱ्याच स्वस्त एसएसडी मध्येच सेकंदभर गोठून बसत, त्याला कारण फळे नव्हते, अडाणी वर्गनायक होते.

धाकट्याने थोरल्याला गाठले कसे

१९८८ साली एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी सनडिस्क नावाची कंपनी काढली; पुढे तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग थोडे बदलले आणि ती सॅनडिस्क झाली. १९९१ साली त्यांनी आयबीएमसाठी अडीच इंची हार्ड डिस्कच्या जागी बसेल असा फ्लॅश ड्राइव्ह केला. २० मेगाबाइट, किंमत सुमारे हजार डॉलर. इतक्या पैशांत हार्ड डिस्क कितीतरी मोठी मिळे. मग असल्या महाग वस्तूने हार्ड डिस्कला हरवले कसे?

याचे उत्तर हार्ड डिस्कच्या किमतीत आहे. डिस्क कितीही लहान केली तरी तिला एक मोटर, एक हात, एक हेड आणि एक बंद पेटी लागतेच. त्या खर्चाखाली तिची किंमत उतरत नाही. फ्लॅशला असा तळ नाही. निम्मी साठवण हवी असेल तर निम्म्या चिपा लावा, किंमत जवळपास निम्मी होते. म्हणून फ्लॅश दर मेगाबाइटला कितीही महाग असली, तरी जिथे थोडीच साठवण पुरते तिथे ती स्वस्त पडते. कॅमेऱ्यात तसेच झाले.

याचा स्वच्छ दाखला अ‍ॅपलच्या गाण्यांच्या डबीत मिळतो. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये १.८ इंची, ५ गिगाबाइटची हार्ड डिस्क होती. २००४ च्या आयपॉड मिनीमध्ये तर एक इंची डिस्क होती; घड्याळजीलाही हेवा वाटावा अशी कारागिरी. आणि २००५ च्या सप्टेंबरात, भरपूर खपत असतानाच, मिनी बंद करून तिच्या जागी फ्लॅशवर चालणारा नॅनो आणला गेला. हजार गाणी मावण्याएवढी फ्लॅश तोवर परवडू लागली होती. एक इंची हार्ड डिस्क हे यांत्रिकीचे रत्न काही वर्षांत बाजारातून नाहीसे झाले.

मग पाळी लॅपटॉपची. २००८ च्या जानेवारीत आलेला मॅकबुक एअर ८० गिगाबाइटच्या हार्ड डिस्कसह १,७९९ डॉलरला होता. किंचित वेगवान प्रोसेसर आणि ६४ गिगाबाइटची एसएसडी घेतली तर ३,०९८! कमी जागेसाठी तेराशे डॉलर जास्त. दोनच वर्षांत, २०१० च्या एअरमध्ये, हार्ड डिस्क मिळेनाशी झाली. त्याच २०१० साली जगात सुमारे ६५ कोटी हार्ड डिस्क विकल्या गेल्या होत्या, आणि तो कळस ठरला. पुढच्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला, डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, किमती चढल्या. इकडे २०१३ साली सॅमसंगने बिटांचे २४ मजले एकावर एक चढवलेली चिप बाजारात आणली. जमिनीवर जागा संपली तेव्हा शहरे करतात तेच. आज दोनशेहून अधिक मजले होतात. हार्ड डिस्कची विक्री आता २०१० च्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आली आहे. पण एक सांगायला हवे. ज्या खपतात त्या बहुतेक अवाढव्य आहेत आणि विदाकेंद्रांत जातात. तुम्ही इंटरनेटवर ठेवलेले जुने फोटो फिरत्या चकतीवरच असण्याची शक्यता मोठी आहे, कारण दर टेराबाइटला ती आजही कित्येक पट स्वस्त आहे.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे येऊ. एसएसडीत कोणत्याही जागी पोहोचायला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो. आपली १०,००० ठिकाणे १३० ऐवजी एका सेकंदात होतात. मात्र एकच मोठी फिल्म उतरवून घ्यायची असेल तर हार्ड डिस्क सेकंदाला १५०-२०० मेगाबाइट देते आणि साटा जोडणीची साधी एसएसडी सुमारे ५००, फरक तिपटीचाच. त्याहून महागड्या एनव्हीएमई ड्राइव्ह सेकंदाला हजारो मेगाबाइट देतात. जाहिरातीत हाच आकडा मोठ्या टायपात असतो, पण पत्र टाइप करणाऱ्याला, निकालपत्रक भरणाऱ्याला तो जाणवत नाही. त्याला जाणवते ती पहिली उडी, १३ मिलिसेकंदांवरून ०.१ वर. आमच्या प्रयोगशाळेतला एका मोजमाप-यंत्राला जोडलेला दहा वर्षांचा संगणक भंगारात निघाला होता. साधी एसएसडी बसवल्यावर तो आणखी पाच वर्षे चालला. जुन्या शालेय संगणकांसाठीही हा उपाय आधी करून पाहण्याजोगा आहे.

झिजेची भीती पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. २५० गिगाबाइटच्या चांगल्या ड्राइव्हवर १५० टेराबाइट लिहिण्याची हमी मिळते. शाळेच्या संगणकावर रोज १० गिगाबाइट लिहिले गेले, आणि हे बरेच झाले, तर १५,००० दिवस लागतील, एकेचाळीस वर्षे.

भीती बाळगायची तर वेगळ्या दोन गोष्टींची. हार्ड डिस्क मरताना बहुधा आवाज करते, अडखळते, निदान इशारा देते. एसएसडीची नियंत्रक चिप गेली तर सकाळी ड्राइव्ह दिसतच नाही. शिवाय पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळवता येते. एसएसडीवर मात्र २००९ नंतरच्या संगणकप्रणाली ‘ही जागा आता नको’ असे वर्गनायकाला लगेच कळवतात आणि तो फळा पुसून टाकतो. दुसरी गोष्ट कपाटात ठेवण्याची. कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात. एका बिटाचे इलेक्ट्रॉन शेकड्यांत किंवा त्याहूनही कमी असतात, आणि जितकी उष्णता जास्त तितकी त्यांची गळती जास्त. घरगुती एसएसडीसाठी जेडेक संस्थेचे जे मानक आहे त्यात अपेक्षा एवढीच आहे, की लिहिण्याची हमी पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरावी. कोरा, थोडा वापरलेला ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो. पण चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतले लोखंडी कपाट म्हणजे ३० अंश नव्हे. तेव्हा दहावीचे निकाल, जनरल रजिस्टरची स्कॅन केलेली पाने, स्नेहसंमेलनाचे फोटो यांची वर्षानुवर्षे ठेवायची प्रत एसएसडीवर किंवा पेन ड्राइव्हवर कपाटात ठेवू नये. ती बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर ठेवावी, एकाऐवजी दोन डिस्कवर, आणि त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर. रोज चालवायच्या संगणकात एसएसडी, जपून ठेवायला हार्ड डिस्क, असा माझा सल्ला आहे.

आणि बंद पडलेली हार्ड डिस्क भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा वर्गात उघडा. झाकणाचे स्क्रू सहा पाकळ्यांच्या डोक्याचे असतात, तसा पेचकस लागेल. एकदोन स्क्रू लेबलाखाली दडलेले असतात. आत आरशासारखी चकती, तिच्यावर हात आणि हाताच्या मुळाशी दोन जबरदस्त निओडिमियम चुंबक मिळतील. ते काढताना बोट चिमटू देऊ नका. चकती दांड्यावर तशीच ठेवून बोटाने फिरवा आणि एक चुंबक तिच्या अगदी जवळ, न टेकवता, धरा. चकती अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कोणीतरी धरल्यासारखी चटकन मंदावते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे मुलांना ठाऊक असते, त्यामुळे ‘मग थांबली कशी?’ हा प्रश्न तीच विचारतील आणि लेंझचा नियम शिकवायला सुरुवात करता येईल. चकती मंदावलीच नाही, तर ती काचेची आहे. लॅपटॉपच्या लहान डिस्कमध्ये बहुधा तशीच असते. ती वाकवू नका, तिचे फुटून बारीक तुकडे उडतात.